मुळी खणणारा हात

दोन वर्षांपूर्वी, २२ मे या जैवविविधता दिनानिमित्त भरलेल्या एका परिसंवादाला मी गेलो होतो. विषय होता रानातल्या औषधी वनस्पतींचे संरक्षण. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. वनस्पतिशास्त्राशी माझा थेट संबंध नाही. तरी विषय ओळखीचा वाटला म्हणून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. वक्त्यांनी अभ्यासपूर्ण भाषण केले. कोणकोणत्या वनस्पती दुर्मीळ होत चालल्या आहेत हे चित्रे दाखवून सांगितले आणि अखेरीस निष्कर्ष काढला, की हा ऱ्हास मुख्यतः अशिक्षित लोकांमुळे होतो. चार पैशांच्या आशेने हे लोक झाड मुळासकट उपटून नेतात. त्यांचे प्रबोधन केल्याशिवाय वनस्पती वाचणार नाहीत. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर आठवले, की त्याच आठवड्यात माझी आत्या सणसवाडीच्या ओढ्याकाठी शतावरीच्या मुळ्या खणत होती. म्हणजे वक्त्यांनी ज्यांना आरोपी ठरवले त्यांत माझी आत्या होती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पदवीने मला सभागृहात आणून बसवले. आत्या ओढ्यातच राहिली. त्या टाळ्या मला अजून टोचतात. म्हणून हा लेख.

१. गाव आणि रान

सणसवाडीचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. पुण्याहून नगरकडे जाताना भीमा नदी ओलांडली की कोरेगाव भीमा, पुढे सणसवाडी, मग शिक्रापूर. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या जयस्तंभाला आले होते. १ जानेवारी २०१८ रोजी याच रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ झाली, तेव्हा सणसवाडीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. वर्षातून एकदा लाखो माणसे या रस्त्याने येतात, स्तंभाला मानवंदना देतात आणि परततात. रस्त्याच्या आत चार पावले गेले तर काय आहे, हे पाहायला कोणी थांबत नाही. त्यांचा त्यात दोषही नाही.

आत आहे तो पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. डोंगर नाही, घनदाट जंगल नाही. आमचे रान म्हणजे माळ, ओढा, बांध आणि गायरान. माळावर तरवड, हिवर, बोर आणि बाभूळ. पावसाळ्यात पायाला टोचणारा सराटा, ज्याला वैद्य गोखरू म्हणतात. जमिनीला चिकटून पसरलेली काटेरी रिंगणी, घेटुळी म्हणजेच पुनर्नवा, आघाडा, भुईआवळा. ओढ्याकाठी निर्गुडी आणि काटेरी झुडपांत गुंतलेली शतावरी. लिंबावर चढलेली गुळवेल. सरकारी कागदावर यातल्या बऱ्याच जागेला ‘पडीक’ म्हणतात. औषधाच्या बाजारात मात्र यातल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला भाव आहे.

माझी आजी सुईण होती. गावात ज्या घरांनी तिला कधी पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, त्या घरांतल्या दोन पिढ्यांची नाळ तिने कापली. तिला बोलावणे मागच्या दाराने येई आणि ती मागच्या दारानेच परत येई. कोणत्या झाडाचा कोणता भाग कधी काढायचा, हे तिला पाठ होते. मुळी खणताना ती सगळी कधीच खणत नसे. मी लहानपणी विचारले तेव्हा म्हणाली, “समदी काढू नगं. बाळातपणं काय एकाच साली व्हत्यात व्हय?” संरक्षणशास्त्रावरची पुस्तके मी पुढे वाचली. त्यांत या वाक्यापेक्षा फार वेगळे मला काही सापडले नाही.

मग तिच्याच लेकीने, माझ्या आत्याने, ओढ्यातली शतावरी मुळासकट का खणावी? आत्याला आईचे म्हणणे ठाऊक नव्हते असे नाही. मी विचारले तेव्हा तिने उत्तर दिले, “म्या ठिवली तर उद्या दुसरी काढंल. मंग म्या कुणासाठी ठिवू?” हे अज्ञान नव्हे. हे अर्थशास्त्र आहे, आणि ते मला वर्गात शिकवता येते. पण त्या दिवशी सभागृहात सांगता आले नाही.

२. बाजार कसा चालतो

या व्यापाराचे माप आधी लक्षात घेतले पाहिजे. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. त्या मंडळासाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देशात ११७८ जातींच्या औषधी वनस्पतींचा व्यापार होतो अशी नोंद आहे. त्यांपैकी २४२ जाती अशा, की प्रत्येकीचा वार्षिक व्यापार शंभर टनांहून अधिक. या २४२ पैकी १७३ जाती मुख्यतः रानातून येतात, शेतातून नव्हे. २०१४-१५ या वर्षी देशातला एकूण खप सुमारे ५ लाख १२ हजार टन असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. एवढा माल कोणीतरी वाकून, खणून, तोडून, वाळवून आणलेला असतो. जाहिरातीत ऋषी दिसतात, हिरवी पाने दिसतात. वाकलेली पाठ दिसत नाही.

साखळी अशी असते. खणणारी बाई ओला किंवा अर्धवट वाळलेला माल गावात फिरणाऱ्या खरेदीदाराला देते. तो तालुक्याच्या व्यापाऱ्याला देतो, तो शहरातल्या घाऊक पेढीला, पेढी कारखान्याला. मुळी वाळली की तिचे वजन कितीतरी उतरते; म्हणून ओल्या मालाचा दर पाडून दिला जातो. माल ओला किती, माती किती, हे खरेदीदार ठरवतो आणि काटाही त्याचाच. बाईला मिळते ती फक्त वजनाची किंमत. मुळी कोवळी की जून, हंगामात काढली की अवेळी, मागे काही ठेवले की नाही, यासाठी एक पैसाही जास्त मिळत नाही. उलट, मागे ठेवले तर तेवढे वजन कमी भरते. जो बाजार फक्त वजन विकत घेतो, तो मागे न ठेवण्याचेच पैसे देतो. दोष आधी या दरात आहे, मग हातात.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती रिकाम्या हातांची. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेतीचे दुखणे तुकड्यांच्या आकारात नाही, तर जमिनीवर पडलेल्या रिकाम्या श्रमाच्या भारात आहे, आणि त्यावर उद्योगीकरण हा उपाय आहे, अशी त्यांची मांडणी होती. सणसवाडीत उद्योग आले. गेल्या काही दशकांत माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण आमच्या वस्तीला त्यांतून जे मिळाले ते बहुतेक कंत्राटी काम: झाडलोट, भरणी-उतरणी. आत्या अशाच एका ठिकाणी साफसफाईला होती. पन्नाशी उलटली, गुडघे धरले, कंत्राट बदलले आणि नव्या कंत्राटदाराने तिला घेतले नाही. मे महिन्यात शेतात काम नसते. शतावरीची मुळी पावसाळ्यानंतर, फळे पिकून बी पडल्यावर काढावी. आत्याने ती मे महिन्यात काढली. हंगाम वनस्पतीने ठरवला नाही, बेकारीने ठरवला.

३. कोणता भाग तोडला जातो

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे, कारण ‘तोड’ या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी दडपल्या जातात. पान खुडले तर झाड जगते. फळ वेचले तरी जगते, मात्र सगळी फळे नेली तर नवे रोप होत नाही. साल काढली आणि ती खोडाभोवती पूर्ण गोल काढली तर झाड वाळते. एका बाजूने उभी पट्टी काढली, आतला ओला थर न दुखावता काढली, तर ती भरून येते. मुळी काढली तर बहुतेक वेळा झाडच जाते. आता आपल्या घरोघरी बाळंतिणीला दिले जाणारे दशमुळाचे औषध घ्या. नावातच दहा मुळे आहेत. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण ही पाच झाडे. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू या पाच लहान वनस्पती. घरच्या एका बाळंतपणापुरते कोणी मूळ खणले तर रानाला कळतही नाही. बाटल्यांचा कारखाना चालवायचा तर मुळांसाठी झाडे पडतात. औषध तेच, पण प्रमाण बदलले की परिणाम बदलतो.

शतावरीच्या बुंध्याला मुळ्यांचा झुबका असतो. बाजूच्या जाड मुळ्या काढून मधला कोंब दोन-चार मुळ्यांसह परत मातीत दाबला तर वेल पुन्हा फुटतो. रिंगणीचे झुडूप फळे पिवळी होऊन बी सांडल्यावर उपटावे. गुळवेल खालून छाटली तरी वरच्या भागातून दोऱ्यांसारखी हवाई मुळे सुटून पुन्हा जमिनीला लागतात. पण वरूनखालून सगळीच ओढून नेली तर काहीच उरत नाही. हे सारे आजीला येत होते, आत्यालाही येते. ज्ञान आहे, ते वापरणे परवडत नाही.

२०२० च्या करोना साथीत गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली. आमच्याकडे लिंबांवरच्या वेली दिसेनाशा झाल्या. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. रुग्णांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी, असे त्याचे म्हणणे होते. या वादाचा निकाल लावणे माझे काम नाही. पण मंत्रालयाचे म्हणणे खरे धरले तरी एक प्रश्न उरतो. दोन सारख्या वेलींतला फरक ओढ्याकाठी उभे राहून कोण सांगू शकते? जी तो फरक सांगू शकते, तिला बाजारात ओळख नाही आणि दर नाही.

४. नाव, रूप आणि ग्रंथ

आपल्याकडे वनस्पतीच्या ज्ञानालाही जात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, एक कबुली सापडते. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि रानात राहणारे इतर लोक औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे ग्रंथकार सांगतो. आणि पुढे लगेच बजावतो, की नुसते नावरूप जाणणे म्हणजे औषधीचे खरे ज्ञान नव्हे. खरा जाणता तो, ज्याला तिचा प्रयोग कळतो. वैद्याचे प्रावीण्य वेगळे असते हे मान्य. पण ज्याने नाव दिले, रूप ओळखले, झाड दाखवले, तो पहिल्याच अध्यायात आला आणि त्याच अध्यायात खालच्या पायरीवर बसवला गेला.

सतराव्या शतकात कोचीच्या डच अंमलदाराने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचे निवेदन आहे. हा वैद्य इळवा समाजाचा, म्हणजे त्या मुलखात सवर्णांनी दूर ठेवलेल्या जातीचा. त्याच्या घराण्यातल्या नोंदींचा आधार या ग्रंथाला मिळाला. तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे प्रमाणपत्रही त्याच ग्रंथात आहे. परदेशी माणसाच्या छापील पुस्तकात एका ‘हीन’ ठरवलेल्या वैद्याचे नाव राहिले. आमच्या सुइणींची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. म्हणून आजचा कायदा पाहू. संसदेने २००२ साली जैविक विविधता कायदा केला. व्यापारासाठी जैविक संपत्ती घेणाऱ्याने त्या लाभातला वाटा ती राखणाऱ्या लोकांना द्यावा, हे त्याचे एक सूत्र. भारतीय कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका मोठ्या औषध कंपनीच्या दाव्यात स्पष्ट केले. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध’ म्हणजे ग्रंथात नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना बऱ्याच अंशी त्या बंधनातून सूट दिली. स्थानिक लोकांना आणि वैद्यांनाही सवलत आहे, हे सांगितलेच पाहिजे. पण ग्रंथाला मिळालेली सूट नीट वाचा. गुराख्याने सांगितले, ग्रंथकाराने लिहिले. लिहिले म्हणून ते ग्रंथाचे झाले. आणि ग्रंथाचे झाले म्हणून गुराख्याला वाटा देण्याचे कारण उरले नाही. अक्षरापासून ज्यांना शतकानुशतके दूर ठेवले, त्यांना आता ‘तुमचे लिहिलेले कुठे आहे’ असे विचारले जाते.

५. जमीन कोणाची

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वनस्पती हवेत उगवत नाही. ती ज्या जमिनीवर उगवते तिच्यावर हक्क कोणाचा, यावर तिचे जगणे अवलंबून असते.

आमच्या वाडवडिलांकडे वतनाची हाडकी-हाडोळ्याची जमीन होती, आणि त्या बदल्यात गावाची वेठ होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरानावरची दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. हा इतिहास आपल्या चळवळीच्या अभिमानाचा आहे.

पण त्या इतिहासाची एक बाजू घरातून पाहिलेली मला सांगितली पाहिजे. माझ्या वडिलांनी १९८८ साली गायरानाचा अर्धा एकर नांगरला. त्या अर्ध्या एकरावर आमची भाकरी झाली, माझी फी भरली गेली. त्याच अर्ध्या एकरावर आजीची रिंगणी आणि पुनर्नवा होती. नांगर फिरला तेव्हा आजी काही बोलली नाही. पुढे ती मुळीसाठी बांधावर आणि ओढ्यात जाऊ लागली. वडिलांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसाने नांगरू नये, असे म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. पण चळवळीने जमीन मागताना ती फक्त पिकाची जमीन म्हणून मागितली, हे खरे आहे. रान म्हणून, सर्वांच्या उपजीविकेची सामाईक जमीन म्हणून तिच्यावर आपला हक्क आपण ठासून मांडला नाही.

ती जागा दुसऱ्यांनी भरली. माळ विकले गेले, गोदामे आली. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, बांध अरुंद झाले, तणनाशक आले. ओढ्याचा एक तुकडा एका कारखान्याच्या कुंपणात गेला. आत्या तिथे एकदा निर्गुडीचा पाला आणायला गेली तेव्हा रखवालदाराने तिला चोर म्हणून अडवले. आता गणित मांडा. वनस्पतींची बहुतेक जागा कुंपण, ऊस आणि डांबर यांनी खाल्ली. उरलेल्या पट्टीत आत्या खुरपे घेऊन उभी आहे आणि परिसंवादात दोष आत्याचा ठरतो.

सरकारी संरक्षणाची पद्धतही या पट्टीपर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्रात औषधी वनस्पतींसाठी १३ संरक्षण क्षेत्रे आखली गेली. ती वनखात्याच्या जंगलात. काम चांगलेच होते. पण सराटा, रिंगणी, शतावरी वाढतात ते ओढे, बांध आणि गायराने या नकाशाबाहेर राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी दिली ती वनजमिनीवर, आणि तेथेही बिगर-आदिवासी वननिवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. ज्या समाजाच्या तीन पिढ्यांचे कागदच गावाने ठेवले नाहीत, त्याने तो आणायचा कोठून?

६. हक्क असतो तेव्हा काय होते

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे समोरासमोर ठेवतो.

पहिले नरक्याचे. सह्याद्रीत वाढणाऱ्या या झाडाच्या दुर्गंधावरून लोकांनी त्याला हे नाव दिले. कॅन्सरवर उपयोगी ठरलेले कॅम्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना एका चिनी झाडात सापडले. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते नरक्यात असल्याचे दाखवले. १९९६ मध्ये त्यापासून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. मग कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या घाटपट्ट्यातून नरक्याची खोडे तुकडे करून जाऊ लागली. तोडणाऱ्याच्या हाती रोजंदारी आली. जंगलावर त्याचा हक्क नव्हता, झाड राहिले तर त्याचा फायदा नव्हता आणि तुटले तर त्याचा तोटा नव्हता. बंदी आली, पण बंदीने माल चोरीचा झाला आणि तोडणारा चोर झाला.

दुसरे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचे. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. अधिकार आल्यावर गावाने बांबू ओरबाडला नाही. किती तोडायचा, कोणता ठेवायचा, मजुरी किती द्यायची हे ग्रामसभा ठरवू लागली. म्हणजे नियम पाळण्याची अक्कल हक्काबरोबर वरून पाठवावी लागली नाही. ती होतीच, हक्क नव्हता म्हणून वापरता येत नव्हती.

आमच्याच जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी हिरडा गोळा करतात. फळ वेचायचे असल्याने झाड टिकते, आणि पुढच्या साली तेच झाड फळ देणार म्हणून ते जपले जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे मोडली. तेव्हा भरपाईसाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, कारण सरकारी हिशेबात हिरडा हे पीक नव्हते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गट करून, मधला दलाल टाळून, गुळवेल थेट औषध कंपन्यांना पोहोचवली. दर बदलला की खरेदीचे नियमही बदलता येतात, हे त्यातून दिसते. केरळच्या काणी आदिवासींनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना एक रानवनस्पती दाखवली. तिच्यापासून औषध तयार झाले आणि त्याच्या परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा निम्मा भाग काणींना द्यायचे ठरले. मात्र जंगलातून ती पाने तोडायला वनखात्याने आडकाठी केली. पैशातला वाटा मान्य झाला, तरी जमिनीवरचा हक्क अडून राहिला.

७. आपण काय करावे

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहीजण मला विचारतील: झाडपाल्याच्या गोष्टी आपण कशाला करायच्या? आपल्याला दवाखाने हवेत, डॉक्टर हवेत. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आजीच्या हातून दगावलेल्या बाळंतिणीही मला ठाऊक आहेत, आणि तिथे मुळी नव्हे, रक्त आणि शस्त्रक्रिया हवी होती. खेड्याचे गोडवे गाऊ नका, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. माझे म्हणणे परत जाण्याचे नाही. लाखो टनांचा हा व्यापार चाललाच आहे. त्यात श्रम आपले, ज्ञान आपले आणि बदनामीही आपली. हिशेब कोणाचा, एवढाच प्रश्न आहे.

कायद्यात काही दारे अजून उघडी आहेत. २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००४ च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सभासद ठेवायला सांगितले. आपल्या हद्दीतून व्यापारासाठी नेलेल्या मालावर आकार बसवण्याचा अधिकार या समितीला आहे. तिने लोकांच्या सल्ल्याने जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा या वह्या ठिकठिकाणी घाईघाईने भरल्या गेल्या. एका ग्रामपंचायतीची वही मी पाहिली. तिच्यात आमच्या माळावर कधीच न उगवणारी झाडे होती आणि रिंगणी नव्हती. माहिती देणाऱ्यांच्या यादीत एकही स्त्री नव्हती, आमच्या वस्तीतले एकही नाव नव्हते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या गावची समिती कोणाची आहे ते पाहावे, वही मागावी आणि दुरुस्त करून घ्यावी. खणणाऱ्या बायकांची नावे, त्यांच्या संमतीने, जाणकार म्हणून तिच्यात लिहवून घ्यावीत; ज्या देशात लिहिलेलेच ज्ञान ठरते तेथे आपले लिहिलेले असले पाहिजे. गायरानाचा जो तुकडा उरला आहे त्यातला काही भाग न नांगरता, न विकता, खणणाऱ्या बायकांच्या गटाकडे राखणीला आणि काढणीला द्यावा, असा ठराव ग्रामसभेत आणावा. काटा गटाचा असावा, माल वाळवून विकावा आणि हंगामात, मागे ठेवून काढलेल्या मुळीला वेगळा दर मागावा. विद्यार्थ्यांनी वनस्पतींच्या नोंदी करताना तिचे नाव सांगणाऱ्या बाईचेही नाव लिहावे. अध्यापकांनी, आणि यात मी स्वतःला पहिला धरतो, सभागृहात टाळी वाजवण्याआधी ओढ्याकडे एकदा जाऊन यावे.

गेल्या दिवाळीनंतर मी आत्याबरोबर ओढ्यावर गेलो. कुंपणाबाहेरच्या पट्टीत शतावरीचे तीन वेल उरले होते. तिने एक खणला, जाड मुळ्या काढल्या, कोंब परत मातीत ठेवला आणि पायाने माती दाबली. मी म्हणालो, “आत्या, आज ठेवलास की.” ती म्हणाली, “आज तू संगं हायेस. वजन कमी भरलं तर तू भरून देशील.” ती हसून बोलली, पण तिने हिशेब बरोबर मांडला होता. मागे ठेवलेल्या मुळीची किंमत कोणीतरी भरावी लागते. आजवर ती एकट्या आत्याकडून मागितली गेली. बाजाराने, ग्रामपंचायतीने आणि सरकारने आपापला वाटा उचलावा, यासाठी आपल्याला भांडावे लागेल.